रेडिओची चावी

कंपनीत सगळे त्यांना चावीताई म्हणत, पण त्यांच्याकडे खरी चावी एकही नव्हती. होता एक लॅपटॉप, कानावरची गादी केव्हाच सोलून गेलेला एक हेडफोन, आणि एक खुर्ची, जिच्यावर बसून बसून त्यांची कंबर कामातून गेली होती. कंपनी पाण्याचे पंप बनवायची. तिची निम्मी माणसं आता घरून काम करत. त्यांना घरबसल्या कंपनीच्या आत घ्यायचं आणि जे आपले नाहीत त्यांना बाहेर ठेवायचं, हे चावीताईंचं काम. घरच्या इंटरनेटमधून कंपनीच्या संगणकापर्यंत एक बंद रस्ता जातो. साहेब त्याला तीन इंग्रजी अक्षरांनी ओळखत. चावीताई त्याला बोगदा म्हणत आणि त्यांच्या नादाने सगळेच बोगदा म्हणायला लागले होते. बोगद्याच्या तोंडाशी पासवर्ड द्यायचा, मग मोबाइलवर आलेला कोड द्यायचा, की माणूस आत. ऐकायला किती सोपं! पण सकाळी कामाची वेळ झाली की अर्धी कंपनी बोगद्याच्या तोंडाशी अडकलेली असायची आणि चावीताईंच्या नाकी नऊ यायचे.

कोणाचा पासवर्ड संपलेला, कोणी नवा पासवर्ड फ्रिजच्या दारावर चिकटवलेला आणि तो फ्रिजच दुरुस्तीला गेलेला. एक जण कुजबुजत तक्रार सांगायचा, कारण शेजारच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या. एकीचा लॅपटॉप भाच्याने गेम खेळायला घेतला होता, हे ती शपथेवर नाकारत होती आणि मागून गोळीबाराचे आवाज येत होते. चावीताई सगळ्यांना तेच सांगत. कोड कोणाला देऊ नका. लॅपटॉप घरच्यांना देऊ नका. हे सांगून सांगून त्यांच्या तोंडाला फेस यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

संध्याकाळी घरी गेल्यावर नवरा विचारायचा, "आज किती जणांना दार उघडलंस?" बस दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता आणि आता गुडघा धरून तो घरी बसला होता. चावीताई चपला काढत म्हणायच्या, "सगळ्यांना. माझं तेवढं बंद करा आता." मग चहा घेऊन दोघं न बोलता बसून राहायची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ते न बोलणंही बरं वाटायचं.

खरं तर या बाई संगणकाच्या नव्हेतच. त्या मुळात फोनच्या. कंपनीत पूर्वी तारांचा टेलिफोन बोर्ड होता, त्यावर त्या बसत. कोण कुठून बोलतोय, कोणाला जोडायचं, सगळं त्यांच्या कानात. पुढे बोर्ड काढला, पण बाईला काढायचं कसं? तेव्हा त्यांना शिकवून सवरून या खुर्चीवर आणून बसवलं. तंत्र त्या शिकल्या, नेटाने शिकल्या, पण कान मात्र बोर्डावरचाच राहिला. नुसत्या "हॅलो"वरून त्या माणूस ओळखायच्या, आणि याचा त्यांना मनातून बराच ताठा होता.

त्या कानाचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे रेडिओ.

रेडिओ हा डीलर लोकांच्या तक्रारी ऐकायचा. आवाज असा भरदार आणि निवांत, की ऑफिसात त्याला दुसरं नावच उरलं नाही. पंप जळला म्हणून भांडायला फोन करणारा डीलर शेवटी याच्या तब्येतीची चौकशी करून फोन ठेवायचा. रेडिओचा आवाज कधी चढलेला कोणी ऐकला नव्हता. बोर्डाच्या काळात तर काम नसलं की चावीताई त्याची लाइन उगाच थोडा वेळ ऐकायच्या. गैरच होतं ते, पण ऐकायच्या. माणसं घरून काम करायला लागली तशी भेट संपली. उरला तो आवाज. "चावीताई, कशा आहात?" एवढंच, पण त्याने सकाळ बरी जायची.

तर काही महिन्यांपूर्वी त्याचा फोन आला. मोबाइल पाण्यात पडला, नवा घेतलाय, कोड त्यावर यायची सोय करून द्या. यासाठी एक रीत ठरलेली होती. आधी माणसाला तीन प्रश्न विचारायचे. मग नोंदवलेल्या नंबरवर आपण उलटा फोन करायचा. मग त्याच्या वरिष्ठाकडून हो म्हणवून घ्यायचं. ही रीत चावीताईंनीच लिहिली होती आणि ती न पाळणाऱ्या दोघांना त्यांनी चांगलं फैलावर घेतलं होतं. पण त्या दिवशी बोगद्याशी रांग लागलेली, कंबर ठणकत होती, आणि समोर रेडिओ. रेडिओला काय प्रश्न विचारायचे? आवाज ऐकला आणि त्यांनी सोय करून टाकली. तो "मॅडम" म्हणाला, "चावीताई" नाही, हे त्यांच्या कानाला जरासं टोचलं होतं. वाटलं, बरं नसेल.

मग साहेबांनी नवं फर्मान काढलं. साहेब वयाने चावीताईंच्या मुलासारखे, डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. ते म्हणाले, "पासवर्ड चोरीला जातो, कोड दुसराच कोणी सांगतो. आता रोज सकाळी कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवल्याशिवाय आत घ्यायचं नाही. प्रत्येकाचा चेहरा तुम्ही नोंदवून घ्या." चावीताईंनी मान डोलावली. म्हणजे आणखी एक काम, आणि सगळ्या कंपनीचे चेहरे बघत बसायचं. कोणी केस विंचरून बसले, कोणी अंगात बनियन तसाच. एका बाईंनी तर लग्नाला निघाल्यासारखी तयारी केली आणि पुन्हापुन्हा विचारलं, "बरी दिसतेय ना?"

सगळे झाले, रेडिओ राहिला. आज कॅमेरा बिघडलाय, उद्या पाहुणे आहेत, परवा डोळे आलेत. नाना सबबी. शेवटी चावीताईंनी ठणकावून सांगितलं, "आज चेहरा दाखवला नाहीत तर उद्यापासून तुमचं दार बंद. मग मला बोल लावू नका."

दुपारी स्क्रीनवर रेडिओ आला. गाल बसलेले, केस पांढरेफटक, गळ्याभोवती एक मऊ फडकं गुंडाळलेलं. पण आवाज तोच, भरदार. "नमस्कार मॅडम. तब्येत जरा उतरलीय, बाकी काही नाही."

आवाज आला, पण ओठ हलले नाहीत. थोड्या वेळाने ओठ हलले, तर आवाज नव्हता.

चावीताईंनी काय करावं? ज्या बाईचं आयुष्य लोकांचं हळू इंटरनेट दुरुस्त करण्यात चाललंय, ती दुसरं काय करणार! त्या म्हणाल्या, "अहो, तुमचा आवाज आणि चित्र जुळत नाहीये. नेट हळू झालंय. वायफाय बंद करून चालू करा बघू."

समोर वायफाय बंद झालं, चालू झालं. आवाज पुन्हा पुढे आणि ओठ मागे.

"बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद करा. लॅपटॉप वायफायच्या डब्याजवळ न्या."

लॅपटॉप हलला, खोली फिरली, भिंत दिसली, औषधांच्या बाटल्यांनी भरलेलं स्टूल दिसलं, आणि पुन्हा तो चेहरा. रेडिओ निमूटपणे सगळं करत होता. त्याच्या डोळ्यांत काहीतरी होतं, पण चावीताई तेव्हा डोळ्यांकडे बघत नव्हत्या, त्या नेटचा वेग मोजत होत्या. आवाज म्हणाला, "आता बरं आहे का मॅडम? मला तर तुमचं सगळं नीट ऐकू येतंय. आमच्या भागात हल्ली नेटचा फार त्रास आहे."

आणि आवाज हे सगळं बोलत असताना रेडिओने शेजारचा पेला उचलला आणि सावकाश पाणी प्यायला.

चावीताईंचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. पाणी पिताना कोणी बोलत नाही. कुठल्याही नेटवर बोलत नाही.

"कोण बोलतंय?" त्यांनी विचारलं.

बाजूने दुसरं डोकं चित्रात आलं. तेच नाक, तीच हनुवटी, जरा तरुण. "मी धाकटा भाऊ, मॅडम." आणि तो आवाज, रेडिओचा आवाज, त्याच्या तोंडातून येताना चावीताई पहिल्यांदाच बघत होत्या.

धाकट्याने सगळं सांगून टाकलं. दादाच्या घशात गाठ निघाली, स्वरयंत्रच काढावं लागलं. आता बोलणं कायमचं बंद. अजून एक ऑपरेशन व्हायचंय आणि तो सगळा खर्च कंपनीच्या विम्यातून होतो. न बोलणाऱ्या माणसाला बोलायच्या कामावर कोण ठेवणार? नोकरी गेली की विमा गेला. दोघांचा आवाज लहानपणापासून सारखा, आईसुद्धा फसायची. म्हणून मोबाइलचं खोटं सांगून धाकट्याने कोड आपल्या फोनवर घेतला. घराघरांत वायरिंग करायचं आपलं काम सोडून तो दादाच्या जागी बसला. "ऑपरेशन होईपर्यंत, मॅडम. सकाळी दादा चेहरा दाखवेल, पुढे मी बोलेन. कोणाचं काही नुकसान झालंय का? तुम्ही फक्त चेहरा नोंदवा. तुमच्या पाया पडतो."

हे चाललं असताना रेडिओ खाली मान घालून बसला होता. चावीताई म्हणाल्या, "उद्या बघू."

तीन प्रश्न विचारले असते तर तेव्हाच कळलं असतं. त्यांना स्वतःच्या कानाची लाज वाटली. जन्मभर मिरवलेला कान, आणि त्यानेच तोंडघशी पाडलं. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी चहाही केला नाही. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "थकले." आणि ते खरंच होतं. सांगितलं तर रेडिओचं ऑपरेशन बुडतं. नाही सांगितलं तर एक परका माणूस रोज कंपनीच्या आत वावरतो, तो आपण घेतलेला, आणि उद्या साहेबांना कळलं की आपली इतक्या वर्षांची नोकरी मातीत. इकडे आड, तिकडे विहीर असं म्हणायचीही त्यांच्यात ताकद नव्हती. त्या नुसत्या छताकडे बघत पडून राहिल्या.

धाकटा रोज फोन करायचा. "मॅडम, झालं का?" त्या म्हणायच्या, "बघते." फोनवर नुसता आवाज असला की क्षणभर त्यांना रेडिओच वाटायचा, आणि मग जीव कासावीस व्हायचा.

मग एक दिवस दुपारी स्क्रीनच्या कोपऱ्यात निरोपांची चौकट उघडली. रेडिओच्या नावाने अक्षरं उमटली.

"चावीताई, मी आहे. धाकटा औषध आणायला गेलाय."

चावीताईंनी लिहिलं, "कसे आहात?" आणि लगेच स्वतःच्या या प्रश्नाचा त्यांना राग आला.

"दार बंद करा," त्याने लिहिलं.

"ऑपरेशनचं काय?"

रेडिओ टाइप करण्यात कधीच हुशार नव्हता. सावकाश एकेक वाक्य यायला लागलं.

"आवाज गेला, ते सोसलं. पण रोज सकाळी माझा आवाज बाहेरच्या खोलीत कामाला लागतो आणि मी आत बसून ऐकतो. त्याला चहा करून नेऊन देतो."

"परवा एक डीलर त्याला म्हणाला, आज तुम्ही फार छान समजावून सांगितलंत. त्याने खरंच छान सांगितलं होतं."

"मी जिवंत आहे, चावीताई. मला स्वतःच्या नावाने काहीतरी करू द्या. लिहायचं काम द्या म्हणावं साहेबांना. नसेल तर नाही म्हणावं. पण हे ऐकवत नाही."

चावीताईंना समोरचं दिसेना. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. लिहिलं, "धाकट्याशी बोललात?" मग 'बोललात' पुसून 'सांगितलंत' केलं.

"नाही. त्याने माझ्यासाठी सगळं सोडलं. त्याला कसं सांगू की तुझं ऐकवत नाही? त्याला कळू देऊ नका मी म्हणालो म्हणून. एवढं करा." आणि मग, "आला तो." चौकट बंद झाली.

चावीताई उठल्या. गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, कारण हल्ली तसंच उठावं लागायचं. साहेबांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगितलं. मोबाइलचं, प्रश्न न विचारल्याचं, भावाचं, ऑपरेशनचं. लिहायचं काम देता येईल का, तेही विचारलं. सांगितलं नाही ते एकच.

साहेबांनी दोन्ही हातांनी डोळे चोळले. "तुम्ही नुसत्या आवाजावर चावी दिलीत?"

"हो."

"तुम्ही? रीत लिहिणाऱ्या तुम्ही?"

"हो."

"आणि आता तुम्हाला हे सांगितलं कोणी?"

"मलाच दिसलं. तो पाणी पीत होता आणि बोलणं चालूच होतं."

साहेब वाईट नव्हते, थकलेले होते. त्यांनी वरच्या माणसांना दोनचार फोन केले. चावीताई भिंतीशी उभ्याच राहिल्या. त्यांना कोणी बसा म्हणालं नाही आणि साहेबांच्या ते लक्षातही आलं नसेल.

शेवटी साहेब म्हणाले, "लेखी तक्रारींच्या टेबलाला माणूस हवाच आहे. पत्रं, ईमेल. पगार खालचा, बराच खालचा. पण नोकरी राहील, विमा राहील. चौकशी होईल, त्या चौकशीला त्यांना तोंड द्यावं लागेल." मग आवाज उतरवून म्हणाले, "पण भावाचं आजच्या आज बंद करा. आणि ताई, पुढच्या महिन्यापासून चाव्या दुसऱ्या कोणाकडे द्याव्या लागतील. माझा नाइलाज आहे."

हे काम सुटावं म्हणून चावीताई कितीदा बोलल्या होत्या. आता सुटलं, तर कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्या "बरं" म्हणाल्या आणि जाग्यावर येऊन बसल्या.

स्क्रीनवर रेडिओच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. म्हणजे धाकटा एखाद्या डीलरशी बोलत होता. पंप बंद पडलेल्या माणसाला मधेच तोडायचं त्यांच्या जिवावर आलं. त्या थांबल्या. ठिपका विझला, आणि त्यांनी दार बंद केलं. एक बटण. इतकंच.

फोन लगेच वाजला.

"मॅडम, बोगदा बंद पडलाय."

"मी बंद केलाय," चावीताई म्हणाल्या. "साहेबांना सगळं सांगितलं. तुमच्या दादाला लिहायचं काम मिळेल. विमा राहील. पगार कमी होईल."

आणि तो आवाज फुटला.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? ऑपरेशनपर्यंत थांबवेना तुम्हाला? दादा घरात सारखं चावीताई, चावीताई करायचा, फोन ठेवला की तुमच्याच गोष्टी; त्या तुम्हीच हे मला उशिरा कळलं. आणि तुम्ही त्याचाच गळा कापलात! आज सगळ्या कंपनीत त्याची छी थू होईल. कोणत्या तोंडाने जगायचं त्याने? अहो, माणूस आहात की कोण आहात?"

चावीताईंच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. ते त्या बोलल्या असत्या तर सगळं तिथेच थांबलं असतं. ते त्यांनी गिळलं. आवाज चढत गेला, चिरकला, पुन्हा चढला. वीसेक वर्षांत या आवाजाने त्यांना एक वाकडा शब्द ऐकवला नव्हता, आणि आता तो तोंडाला येईल ते बोलत होता.

त्या बोलण्याच्या मागे फोनमध्ये दुसरा एक आवाज होता. कोणीतरी टेबलावर हात आपटत होतं, थांबून थांबून, जोरात.

"थांब रे दादा!" धाकटा ओरडला. "तू मध्ये पडू नकोस. मला बोलू दे हिला."

हात आपटतच राहिला. चावीताईंनी डोळे मिटले, सोललेला हेडफोन दोन्ही हातांनी कानांशी घट्ट धरला आणि एक शब्दही उलट न बोलता सगळं ऐकून घेतलं. फोन त्यांनी ठेवला नाही. समोरून ठेवला जाईपर्यंत त्या ऐकत राहिल्या, कारण आजनंतर तो आवाज कंपनीच्या कुठल्याच फोनवर येणार नव्हता.